तृप्ती मॅडमचा तोटा

तृप्ती शहारे या बाईशी माझं पहिलं भांडण झालं ते बारदान्यावरून, आणि ते भांडण मी हरलो. वरठीच्या अलीकडे घनश्याम राइस अँड ऑइल मिल्स ही आमची कंपनी आहे. मी तिथला धान खरेदी अधिकारी, टिकाराम रहांगडाले. गावोगाव फिरून धान बघायचं, दाताखाली दाणा फोडून ओल ओळखायची, सौदा करायचा, पोती गाडीत भरून पाठवायची, हे माझं काम. तृप्ती नागपूरची नोकरी सोडून हिशेबाची प्रमुख म्हणून आमच्याकडे नुकतीच आली होती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी पावती परत पाठवली, कारण फाटक्या पोत्यांचा आकडा मी 'अंदाजे' म्हणून लिहिला होता. माझ्या नाकावर राग असतोच. मी तडक तिच्या केबिनमध्ये गेलो. ती डबा खात होती.

"अंदाजे म्हंजे किती जी, टिकाराम भाऊ?"

"अंदाजे म्हंजे अंदाजे! फाटलेली पोती का कोनी मोजत बसते?"

"बरं. मंग या महिन्याचा पगारबी तुमाले अंदाजेच देऊ का?"

एवढं बोलून तिनं डब्यातला एक वडा माझ्यापुढे सरकवला. वडा लाखोरीच्या डाळीचा होता. तो समोर आला की आमच्या भागातला माणूस फार वेळ रागात राहू शकत नाही. मी तो खाल्ला, गोदामात गेलो आणि मुकाट्यानं पोती मोजली.

तेव्हापासून ही बाई मला आवडते. तिच्या तोंडावर हे मी कधीच म्हणणार नाही, कारण आवडते म्हणजे नेमकी किती, असं ती विचारेल.

तिचे वडील गुलाबराव जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात होते. आयुष्यभर कारखान्याच्या बसच्या आधी थांब्यावर जाऊन उभा राहिलेला हा माणूस. तृप्ती तिथल्या क्वार्टरमध्येच वाढली, बी.कॉम. झाली आणि सीएच्या परीक्षेला बसली. ती परीक्षा सहजासहजी कुणाला पास करत नाही, तिलाही केलं नाही. नापास झाली की दर वेळी गुलाबराव भंडाऱ्याहून जिलेबी घेऊन यायचे. शेवटी पास झाली त्या दिवशी मात्र हात हलवत आले. आई तुळसाबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "आता तिले कायची गरज?" पुढे तुळसाबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि तृप्ती नागपूर सोडून घरी आली. तोवर गुलाबराव रिटायर होऊन शहापूरला घर बांधून राहत होते. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.

ती भित्री आहे असं मात्र कुणी समजू नये. भिते ती फक्त बेडकांना. पावसाळ्यात आमच्या ऑफिसात बेडूक येतात, आणि आले की बाई खुर्चीवर उभी राहून टेलिफोनवर बँकेच्या मॅनेजरला झापत असते. बाकी कुणाला भीक घालत नाही. मालकांनाही नाही. अमरभाऊ म्हणाले, "पाहू पुढं," की हिचा प्रश्न ठरलेला: "पुढं म्हंजे कोनत्या तारखीले?"

आता अमरभाऊंविषयी सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्यांच्या मोठ्या मनामुळे. अमरभाऊ आमचे मालक. जिल्हा फुटला तेव्हा तांदळाच्या बऱ्याचशा गिरण्या गोंदियाच्या वाट्याला गेल्या, आणि भंडाऱ्याचे व्यापारी बरीच वर्षं तोंड पाडून बसले. अमरभाऊंचे वडील घनश्यामजी मात्र इथेच टिकून राहिले. त्यांचं नाव अजून निघतं ते मापासाठी. आमच्याकडे पायलीनं धान मोजून दिलं की पायली शिगोशीग भरायची, ती ओतायची, आणि मग वरून एक ओंजळ टाकायची. या ओंजळीला कुणी मोजत नाही आणि कुणी ती मागत नाही. पण नाही टाकली, तर माणूस चिकट आहे हे गावभर होतं. घनश्यामजींची ओंजळ मोठी होती, आणि अमरभाऊंना ती वारशात मिळाली.

दोन हजार सतरा साली कोंड्यापासून तेल काढायचा प्लांट टाकायचं ठरलं. बँकेनं निम्मे पैसे दिले. उरलेल्यांसाठी अमरभाऊंनी दसऱ्याला मिलच्या आवारात चाळीसेक मंडळींना जेवायला बोलावलं. बहुतेक जवाहरनगरचे रिटायर झालेले लोक होते, नुकताच फंड हातात आलेला. बोलणं सरळ होतं. आज कंपनीकडे पैसे भरून ठेवा. चार वर्षांनी त्या पैशांचे कंपनीचे शेअर घ्या, शंभर रुपयाला एक, मग तेव्हा शेअरची किंमत कितीही वाढलेली असो. तशी हक्कपत्रं लिहून मिळतील. मंडळींनी माना डोलावल्या. जेवणं झाली, बडीशेप फिरली, आणि कोपऱ्यातून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "अन् किंमत पडली तं?"

अमरभाऊ पोटभर जेवलेले होते. हात उंच करून म्हणाले, "पडली तं तुमचा भावबी पाडू! शंभराचा शेअर सत्तरवर आला तं सत्तरनं देऊ, जास्तीचे शेअर देऊ. बापाची ओंजळ आहे आमची, तुमाले घाटा होऊ देत नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी स्वतः शिट्टी मारली. तृप्ती बायकांच्या पंगतीत पान हातात धरून तशीच बसून राहिली. नंतर तिनं अमरभाऊंना गाठलं.

"भाऊ, हे शेवटचं वाक्य कागदावर घ्याचं का?"

"घ्याचं म्हंजे! शब्द देल्ला मी."

ते वाक्य कागदावर आलं. गुलाबरावांनीही आपल्या फंडातला मोठा हिस्सा भरायचं मनावर घेतलं. त्यांनी आधी मुलीला विचारून पाहिलं होतं. ती म्हणाली, "बाबा, मी कंपनीची मानूस आहो. मले इचारू नका, बाहेरच्या कोनाले इचारा." गुलाबराव बाहेर गेले, अंगणात एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, "इचारलं." हे मला तुळसाबाईंनी सांगितलं, हसता हसता.

प्लांट सुरू झाला आणि चांगला चालला. अमरभाऊंनी आता शेअर बाजारात कंपनीचं नाव लावायचं मनात घेतलं, आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांचे नवे हिशेबाचे नियम लागू झाले. दोन हजार एकोणीसच्या मार्चअखेर किंमत ठरवणारे तज्ज्ञ येऊन गेले. शंभराचा शेअर जवळजवळ दुप्पट झाला आहे, असं त्यांनी लिहून दिलं. अमरभाऊंनी मिलभर पेढे वाटले. आणि हिशेब तयार होऊन आला तर खाली तोटा. तोही थोडाथोडका नाही, तेलातला सगळा नफा गिळून वर उरलेला.

मी पुन्हा तडक केबिनमध्ये.

"मॅडम, डोस्कं ठिकानावर आहे का? प्लांट चालून राहिला, तेल जाऊन राहिलं, शेअरची किंमत डबल झाली, अन् तुमी तोटा लिहून राहिल्या?"

"किंमत डबल झाली म्हनूनच तोटा."

मी कपाळाला हात लावला. तिनं मला बसवलं.

"टिकाराम भाऊ, दहा पायल्या देतो म्हटलं तं मी एकदा मोजते अन् मोकळी होते. ओंजळ देतो म्हटलं तं केवढी? हात कोनाचा? अमरभाऊनं किती शेअर द्याचे थे ठरवलंच नाही. किंमत वाढली तं महागाचे शेअर स्वस्तात द्या लागतीन, पडली तं जास्तीचे द्या लागतीन. जे ठरलं नाही, त्याले मालकाच्या भांडवलात कसं टाकू? थे देनं आहे. अन् केवढ्याचं देनं, हे दरसाल पाहा लागते. आज द्याची पाळी आली तं ओंजळ केवढ्याले पडन?"

"केवढ्याले?"

"भरलेल्या पैशाच्या जवळपास दुप्पट. जेवढं वाढलं तेवढा तोटा."

"अन् हे पैसे गेले कुटं?"

"कुटंच नाही गेले. अजून."

अशा देण्याला हिशेबाच्या भाषेत डेरिव्हेटिव्ह लायबिलिटी म्हणतात. त्याची किंमत स्वतःची नसते, दुसऱ्याच कशाच्या तरी भावावर ते फुगतं आणि ओसरतं. फुगलं की तोटा लिहायचा, ओसरलं की नफा, मग गल्ल्यातून एक रुपया हललेला नसो. नागपूरच्या ऑडिटरांनीही तिच्यासारखंच सांगितलं, म्हणजे नियमच तसा. मला त्या दिवशी ते पटलं नाही. इतकी वर्षं धानाचे सौदे केले, पण भरभराट झाली म्हणून बोंब मारणारा हिशेब मी पहिल्यांदाच बघत होतो.

एका स्थानिक पेपरनं ते आकडे उचलले आणि बातमी छापली, नफ्यातली राइस मिल तोट्यात. हक्कपत्रवाल्यांची पाचावर धारण बसली. चहाच्या टपरीवर कंपनी बुडाली, घरी जाईपर्यंत मालक पळाला. इकडे अमरभाऊंना त्यांच्या सल्लागारानं सांगितलं, की ही हक्कपत्रं परत घेतल्याशिवाय बाजारात जाता येणार नाही, हिशेब फार वाईट दिसतो. त्यांनी निरोप धाडला, की ज्यांना भीती वाटते त्यांनी हक्कपत्र परत करावं, मुद्दल आणि वर बँकेइतकं व्याज घेऊन जावं. त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण लोकांचे पैसे वाचवतो आहोत आणि कंपनीचा हिशेबही. लोकांनाही तसंच वाटलं. शहापुरात तर दोघा-तिघांनी अमरभाऊंना हात जोडले. आपण दुपटीची वस्तू मुद्दलात देऊन बसणार आहोत, हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

सगळ्यांचं लक्ष गुलाबरावांकडे होतं. त्यांची मुलगी आत आहे, तिनंच तोटा लिहिला आहे, तेव्हा गुलाबराव करतील तसं करायचं. आणि गुलाबरावांचं ठरलेलं होतं. धानाच्या फेरीवर असताना मी त्यांच्या ओसरीवर टेकलो.

"सही करून टाकतो जी मी," ते म्हणाले.

"काहून?"

"तोटा पोरीनं लिवला. मालक तिच्यावर खार खाऊन असन. आमी सारे पैसे घेऊन बाजूले झालो तं तोटा जाते, तिची नोकरी राह्यते. मले थे दुप्पट-तिप्पट काय कराचं आहे?"

"तिले इचारलं का?"

"थे घरी कंपनीचा एक शब्द काढत नाही. भात वाढते अन् झोपते."

मी त्यांना समजवायला गेलो. ओंजळीपासून सुरुवात केली, मध्येच शेअर आणि पायल्या एकमेकांत मिसळल्या, आणि गुलाबरावांनी काळजीनं विचारलं, "म्हंजे आता कंपनी पैशाऐवजी धान देऊन राहिली का?" मी पाणी पिऊन निघालो. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या. एक सही झाली की बाकीच्या सह्या रांगेनं होणार होत्या, आणि पहिली सही एक बाप आपल्या मुलीसाठी करणार होता.

मिलच्या शेडमध्ये बैठक ठरली. ऑक्टोबर होता, हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान कापणीला आलेलं, म्हणून मी खरं तर शेतावर असायला हवा होतो. पण मी आलो. टेबलावर परतीचे कागद आणि पेनं मांडलेली होती. अमरभाऊंनी तृप्तीला बजावलं, "मॅडम, आकडा वाचा अन् बसा."

"आकड्याखाली टीप आहे, भाऊ. आकडा वाचीन तं टीपबी वाचीन. छापून झालेली आहे, लपवाची गोष्ट नाही."

"वाचा बाप्पा, काय वाचाचं थे!"

तिनं आकडा वाचला. शेडमध्ये एक सुस्कारा फिरला. मग तिनं टीप वाचली, तसल्याच कोरड्या भाषेत, आणि कुणालाही ओ की ठो कळलं नाही. पहिल्या रांगेतले गुलाबराव पेन घ्यायला उठले. तृप्तीनं कागद खाली ठेवला.

"टिकाराम भाऊ, उभे राहा जी जरा."

मी उभा राहिलो. सगळा शेड माझ्याकडे बघायला लागला.

"समजा पावसाळ्यात, रोवणीच्या वक्ताले, या टिकाराम भाऊनं तुमच्याकडून पैसे घेतले. शब्द देल्ला का दिवाळीले पंधराशेच्या भावानं धान देईन, मंग बजारात काहीबी भाव राहो. दिवाळीले बजारात भाव झाला तीन हजार. टिकाराम भाऊ काय करन?"

"बोंबलन!" मागून कुणी तरी ओरडलं आणि सगळे हसले. मीही नाइलाजानं हसलो.

"घरी जाऊन बायकोले सांगन का तोटा झाला. खरंच सांगन. अन् ज्यानं रोवणीत पैसे देऊन ठेवले, थो?"

हसू हळूहळू थांबलं. मग दुसऱ्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "थो तं खुशीत राहीन न जी."

"मंग या शेडमंधी टिकाराम भाऊ कोन आहे, अन् पैसे देऊन ठेवनारे कोन आहेत? मी वाचला थो तोटा कंपनीचा आहे. थो कोनाच्या पदरात पडून राहिला, थे या टीपमंधी लिवलं आहे."

लोक एकमेकांकडे बघत होते. अमरभाऊंचा चेहरा उतरला होता. तृप्ती पुढे बोलत राहिली, आणि माझ्या मते तिची खरी मर्दुमकी इथेच होती. ती म्हणाली, "आनखी एक आयका. किंमत खालीबी येऊ शकते. आली तं तुमचं मुद्दल जागच्या जागी राहीन, पन आज भेटून राहिलं थे ब्याज भेटनार नाही. ठेवा असं मी म्हनत नाही, परत करा असंबी म्हनत नाही. समजून करा, बस."

गुलाबराव टेबलाशीच उभे होते. पेन त्यांच्या हातात होतं. त्यांनी मुलीकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बेटा, सही नाही केली तं तुही नोकरी राह्यते का?"

बाहेर बैलगाडीवाला बैलाशी बोलत होता ते आत ऐकू आलं. तृप्तीनं अमरभाऊंकडे बघितलं. अमरभाऊ जमिनीकडे बघत होते. खोटं बोलायची तीच वेळ होती. मी असतो तर राहते म्हणून सांगितलं असतं.

"थे मले माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "थे या कागदात नाही. त्याची तरतूद मी केली नाही."

गुलाबरावांनी पेन टेबलावर ठेवलं. "मंग नोकरी गेली तं थो तोटा मी माह्या हिशेबात धरतो," असं म्हणून ते जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी एकाही कागदावर सही झाली नाही. मी चहावाल्यावर उगाच खेकसलो.

अमरभाऊंनी तिला काढलं नाही. पण पुढचे कित्येक महिने ते तिच्याशी माझ्यामार्फत बोलत. दोघं एकाच टेबलाशी बसलेले, आणि अमरभाऊ म्हणणार, "टिकाराम, मॅडमले सांग का बँकेचा कागद पाह्यजे." मॅडम म्हणणार, "टिकाराम भाऊ, भाऊले सांगा का थो त्याइच्या हाताखालीच आहे." माझं धान शेतात पडलेलं आणि मी यांचा पोस्टमन झालेलो. बाजारात नाव लावायचं बारगळलं.

मग करोना आला. मिल बंद, हॉटेलं बंद, तेल पडून. तज्ज्ञांनी फोनवरच सगळं विचारून शेअरची किंमत शंभराच्या खाली आणली. देणं ओसरलं, आणि आमच्या हिशेबात त्या साली भलामोठा नफा आला. मिलला कुलूप आणि वर नफा! अमरभाऊंना हुरूप आला. त्या बैठकीनंतर पहिल्यांदा ते थेट तिच्याशी बोलले.

"मॅडम, डिव्हिडंड वाटून टाकू. लोकाइले बरं वाटन."

"भाऊ, हा नफा गल्ल्यात नाही. देनं हलकं झालं, एवढंच. वाटसाल तं गल्ल्यातले जातीन, अन् गल्ल्यात आता पानीबी नाही."

त्यांनी ऐकलं. हिवाळ्यात धान खरेदीसाठी आमच्या हाती रोकड होती ती त्यामुळेच. मी नगदी देऊन चांगलं भारी धान उचललं, बाकीचे खरेदीदार तारखा देत फिरत होते.

पण शहापुरात तिला फार ऐकावं लागलं. किंमत पडली तशी लोकांची आठवणही फिरली. व्याज गेलं, शहारेच्या पोरीनं अडवलं, असं बोलू लागले. गुलाबरावांच्या शेजाऱ्यानं त्यांच्याकडे बघणं सोडलं. ज्यांच्यासाठी तिनं नोकरी पणाला लावली, तेच लोक! मला असा संताप यायचा, की दोनदा मी शहापूरच्या चौकात भांडण करून आलो. तृप्ती कुणालाही उलट बोलली नाही. एकदा मात्र केबिनमध्ये शिरलो तर ती डोळे पुसत होती. कोंडा गेला म्हणाली. आमच्या मिलमध्ये कोंडा उडतोच, म्हणून मी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही.

एकवीस साली तेलाचे भाव कडाडले आणि प्लांट दिवसरात्र चालला. दसऱ्याला चार वर्षं भरली तेव्हा शेअर दोनशेच्याही वर गेला होता. प्रत्येकाला शंभराच्या हिशेबानं शेअर मिळाले. शेजारी पुन्हा गुलाबरावांकडे बघायला लागला, इतकंच नव्हे, तर त्यांच्या ओसरीवर चहाला येऊन बसायला लागला. गुलाबरावांनी त्याला चहा दिला. मी दिला नसता.

पुढच्या साली कंपनीची वार्षिक सभा त्याच शेडमध्ये भरली. आता ही मंडळी भागधारक म्हणून आली होती, इस्त्रीचे शर्ट घालून. शेवटी अमरभाऊ उठले आणि म्हणाले, की तृप्ती मॅडमला कंपनीच्या संचालक मंडळावर घ्यायचा ठराव मी मांडतो. त्यांनी आणखी बरंच बोलायचं ठरवलं असावं, पण ते एवढ्यावरच थांबले. मग नेहमीच्या सवयीनं तिच्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हात मोजा."

"माह्या ठरावाचे हात मी नाही मोजत," ती म्हणाली. "टिकाराम भाऊ, तुमी मोजा."

हात वर झाले. त्या शेजाऱ्याचा तर सगळ्यांत आधी. मी रांगेरांगेनं मोजत गेलो आणि पहिल्या रांगेशी अडलो. गुलाबराव दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "हात वर करा न जी."

"कसा करू? पोरगी आहे माही."

"अवो, सारे करून राहिले!"

"साऱ्याइची नाही न जी थे पोरगी."

मी त्यांना आणखी आग्रह केला नाही. टेबलाशी येऊन आकडा सांगितला. विरोधात कुणी नाही, एक जण तटस्थ.

"कोन?" सभेचं इतिवृत्त लिहिता लिहिता मान वर न करता तृप्तीनं विचारलं.

"गुलाबराव शहारे."

तिचा हात थांबला. तिनं पहिल्या रांगेकडे बघितलं. तिकडे गुलाबराव तसेच ताठ बसलेले, हात मांडीवर, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. तृप्तीनं वडिलांचं नाव तटस्थ म्हणून लिहिलं. मग तिला पुढचं काही लिहिता येईना, म्हणून सभेचं उरलेलं मी लिहिलं.